तारीख चुकली, पण तयारीचं काय? : 'व्हेन प्रॉफसी फेल्स' वाचताना



मागच्या लेखात आपण गृहीतक कसं मांडायचं ते पाहिलं. आज एका पुस्तकाबद्दल लिहितोय. हे पुस्तक न वाचताच मी ते एका स्लाईडवर टाकलं होतं. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धतीवर सेमिनार द्यावा लागतो, तुम्हालाही द्यावा लागेल. माझा विषय होता 'पुरावा आणि पूर्वग्रह'. तिसऱ्याच स्लाईडवर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'भाकीत फसलं की श्रद्धा कमी होत नाही, वाढते. फेस्टिंगर, १९५६.' खाली उदाहरण म्हणून एक ओळ होती, ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याची वाट पाहणाऱ्यांची. वर्गात हशा पिकला आणि मी खूश झालो.

माझी एक लॅबमेट नगरची आहे. घर ख्रिस्ती, आजोबा मास्तर होते. सेमिनारनंतर चहा पिताना ती म्हणाली, "अरे, माझी आजी रोज झोपताना म्हणायची की प्रभू केव्हाही येईल, आपण तयार असावं. पण तिने कधी तारीख नाही सांगितली. मग तुझ्या स्लाईडवर माझी आजी नक्की कुठे बसते?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याच आठवड्यात लायब्ररीतून पुस्तक काढलं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी पुस्तकाची ओळख. लिऑन फेस्टिंगर, हेन्री रीकेन आणि स्टॅन्ली शाख्टर हे तिघे मिनेसोटा विद्यापीठातले संशोधक. १९५४ साली शिकागोजवळ एका बाईला 'संदेश' येत होते, की २१ डिसेंबरला महापूर येणार आणि निवडक लोकांना परग्रहावरचे रक्षक यानातून घेऊन जाणार. संदेश देणाऱ्याचं नाव सनंद, आणि तो म्हणजेच पूर्वीचा येशू, असं ती मानायची. संशोधकांनी आपली माणसं श्रद्धाळू असल्याचं भासवून गटात घुसवली. पूर आला नाही. पहाटे पावणेपाचच्या सुमारास नवा संदेश आला, की या छोट्याशा गटाने इतका प्रकाश पसरवला की देवाने जग वाचवलं. आणि आतापर्यंत पत्रकारांना टाळणारी मंडळी स्वतःहून वर्तमानपत्रांना फोन करू लागली. यावरून निष्कर्ष असा, की मनातली विसंगती सहन होत नाही तेव्हा माणूस प्रचार वाढवतो. जितके जास्त लोक मानतील तितकं ते खरं वाटेल. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये फेस्टिंगरचं 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स'वरचं मुख्य पुस्तक आलं. या सिद्धांताचं एक बीज आपल्याकडचं आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर, जिथे धक्का जाणवला पण नुकसान झालं नाही, तिथे 'यापेक्षा मोठं संकट येणार' अशा अफवा जोरात होत्या. जमुना प्रसाद यांनी त्या नोंदवल्या, आणि घाबरलेली माणसं आणखी घाबरवणाऱ्या अफवा का पसरवतात, या कोड्यापासून फेस्टिंगर विचार करू लागला. हे आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतं.

आता पुस्तकाचा पहिला अध्याय, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. त्यात लेखकांनी पाच अटी दिल्यात. श्रद्धा खोल हवी आणि वागण्याशी जोडलेली हवी. माणसाने तिच्यापायी परत न फिरवता येणारं काहीतरी केलेलं हवं. ती इतकी नेमकी हवी की खोटी ठरू शकेल. ती खरोखर खोटी ठरायला हवी, आणि हे त्या माणसाला कळायला हवं. आणि सोबतीला त्याच श्रद्धेची माणसं हवीत. या अटी फार नीट लिहिल्या आहेत. सिनॉप्सिस लिहिताना 'व्याप्ती आणि मर्यादा' हा भाग कसा असावा हे पाहायचं असेल तर ही पानं जरूर वाचा.

पण तिसरी अट पुन्हा वाचा. खोटी ठरू शकेल इतकी नेमकी. लॅबमेटची आजी या अटीवरच बाहेर पडते. 'प्रभू केव्हाही येईल' हे वाक्य कुठल्याच बुधवारी खोटं ठरत नाही.

तुम्ही विज्ञानाचे असाल तर लगेच म्हणाल, मग ते निरर्थक विधान झालं. पॉपर वाचलेला प्रत्येक जण पहिल्या वर्षी असंच म्हणतो, मीही म्हणालो. पण जरा थांबा. ते विधान जगाबद्दल आहे की वागण्याबद्दल, हे आपण तपासलंच नाही. यासाठी मला मूळ मजकूर उघडावा लागला, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाचे २४ आणि २५ हे अध्याय. तुम्ही कुठल्याही धर्माचे असा किंवा नसा, ज्या मजकुरावर लोक टीका करतात तो मजकूर स्वतः वाचण्याची सवय लावून घ्या.

तिथे क्रम असा आहे. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, देवदूतांनाही नाही, पुत्रालाही नाही. म्हणून जागे राहा. या 'म्हणून'कडे लक्ष द्या. तारीख माहीत नसणं ही शिकवणीतली उणीव नसून तिचा पाया आहे. चोर किती वाजता येणार हे घरमालकाला ठाऊक असतं तर त्याने तेवढाच वेळ पहारा दिला असता, बाकी रात्रभर घोरत पडला असता.

मग दहा कुमारींचा दृष्टांत येतो. लग्नाच्या वरातीला सामोऱ्या जायला दहाजणी दिवे घेऊन निघतात. पाचजणी जास्तीचं तेल सोबत घेतात, पाचजणी घेत नाहीत. नवरदेवाला उशीर होतो. मध्यरात्री हाक येते, ज्यांच्याकडे तेल आहे त्या आत जातात, बाकीच्या तेल आणायला धावतात आणि दार बंद होतं. मी हा दृष्टांत लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत ऐकला होता, आणि माझ्या डोक्यात होतं की पाच जाग्या राहिल्या आणि पाच झोपल्या. चूक! दहाही झोपल्या. शहाण्यासुद्धा. म्हणजे 'जागे राहा' या उपदेशाच्या गोष्टीत कुणीच जागं नाही. फरक पडला तो आधी केलेल्या तजविजीने, तीही उशीर होईल हे धरून केलेल्या.

त्याच अध्यायात पुढे धन्याने चाकरांना सोपवलेल्या पैशांची गोष्ट आहे, आणि शेवटी मेंढरं-शेरडांचा न्याय. तिथे तर तयारी मोजण्याचं माप पूर्णच बदलतं : भुकेल्याला जेवू घातलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का. आणि ज्यांनी हे केलं ते स्वतःच चकित होऊन विचारतात, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना आपण तयार होतो हेही ठाऊक नव्हतं.

फेस्टिंगरच्या पुस्तकाला हा भाग दिसतच नाही. त्याला तारीख दिसते. अर्थात त्याचा विषयच तो आहे, त्याने अटीही घातल्यात. दोष द्यायचा तर माझ्यासारख्या स्लाईड बनवणाऱ्यांना द्या, ज्यांनी पाच अटी गाळून एक वाक्य ठेवलं.

पण पुस्तकाची स्वतःची चूक वेगळी आहे, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. ती आहे मिलरच्या प्रकरणात.

विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, १८१२ च्या युद्धात लढलेला, नंतर बाप्टिस्ट उपदेशक. दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांची त्याने २३०० वर्षं केली, सुरुवात इसवी सनापूर्वी ४५७ मध्ये धरली, आणि १८४३ हे साल काढलं. (जरा गणित करून पाहा. इसवी सनात शून्य वर्ष नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १. त्यामुळे बरोबर उत्तर १८४४ येतं. ही चूक चळवळीतल्या लोकांनीच शोधून काढली. 'ऑफ बाय वन' एरर एकोणिसाव्या शतकातही होता!) मिलर स्वतः नेमका दिवस सांगायला नाखूश होता. त्याने २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ एवढीच मुदत सांगितली होती. ती उलटून गेली. तेव्हा चळवळीने कुमारींच्या दृष्टांतातलाच एक शब्द उचलला : नवरदेवाला उशीर झाला आहे, आपण उशिराच्या काळात आहोत. मग ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झेटर इथल्या शिबिरात सॅम्युअल स्नो याने २२ ऑक्टोबर ही तारीख मांडली, आणि तिला नाव पडलं 'मध्यरात्रीची हाक'. तेही त्याच दृष्टांतातून. मिलरने ती तारीख अगदी शेवटी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मान्य केली.

२२ ऑक्टोबर आला आणि गेला. इतिहासात याला 'महान निराशा' म्हणतात.

फेस्टिंगर आणि मंडळींची मांडणी अशी : पहिल्या तारखा फसल्यावर उत्साह वाढला, म्हणजे सिद्धांत बरोबर. ऑक्टोबरनंतर मात्र विसंगती सहनशक्तीच्या पलीकडे गेली आणि १८४५ च्या वसंतापर्यंत चळवळ जवळजवळ नाहीशी झाली.

आता तुम्ही परीक्षक आहात असं समजा. हे वाचून पहिला प्रश्न काय विचाराल? मी हा विचारेन : वाढली तर सिद्धांत बरोबर, आणि संपली तर 'मर्यादा ओलांडली' म्हणूनही बरोबर, मग चूक ठरायला काय व्हायला हवं होतं? ती मर्यादा कुठे आहे हे आधी सांगितलेलं नाही. ज्यांच्या भाकिताला आपण 'तारीख पुढे ढकलली' म्हणून हसतो, त्यांच्यासारखीच ही ढकलाढकली आहे.

दुसरा प्रश्न, चळवळ खरंच संपली का? मिलरच्या स्वतःच्या अंदाजाने त्याचे अनुयायी पन्नास हजारांच्या आसपास होते. बहुतेक पांगले, हे खरं. पण एका छोट्या गटाने म्हटलं की तारीख बरोबर होती, घटना ओळखण्यात चूक झाली; त्या दिवशी ख्रिस्त पृथ्वीवर आला नाही, तर स्वर्गातल्या पवित्रस्थानाच्या आतल्या भागात गेला. या गटातूनच १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली, तेव्हा सभासद सुमारे साडेतीन हजार. आज ते दोन कोटींहून जास्त आहेत. पुण्याच्या वाचकांना औंध रोडवरचं स्पायसर माहीत असेलच, ते याच चर्चचं. तिथल्या मांसाहार नसलेल्या मेसबद्दल ऐकलं असेल, पण त्या मेसची वंशावळ १८४४ च्या एका ऑक्टोबरपर्यंत जाते हे मलाही आत्ता कळलं.

म्हणजे बहुतेकांनी श्रद्धा सोडली, हे 'भाकीत फसलं की श्रद्धा वाढते' या वाक्याच्या विरुद्ध जातं. आणि थोडे टिकून पुढे प्रचंड वाढले, हे 'चळवळ नाहीशी झाली' या वाक्याच्या विरुद्ध. पुस्तक दोन्ही बाजूंनी चुकतं. टिकलेल्यांकडे पाहून निष्कर्ष काढणं, म्हणजे सर्व्हायव्हरशिप बायस, हा शब्द तुम्ही नेटच्या तयारीत पाठ केला असेल. इथे तो जिवंत दिसतो : गळून गेलेल्यांची डायरी कुणी छापत नाही.

आणि आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला मुद्दा. सिद्धांत सांगतो की भाकीत फसल्यावर प्रचार वाढतो. टिकून राहिलेल्या या गटाने काय केलं? त्यांनी पुन्हा तोच दृष्टांत उघडला आणि त्यातलं शेवटाकडचं वाक्य धरलं : दार बंद झालं. म्हणजे कृपेची वेळ संपली, बाहेरच्यांना आता आत घेता येणार नाही, मग प्रचार कुणाला करायचा? सुरुवातीची काही वर्षं, १८५० च्या आसपासपर्यंत, हे 'बंद दार'वाले बाहेरच्या जगाकडे जवळजवळ पाठ करून होते. नंतर हळूहळू तो अर्थ बदलला आणि दार उघडलं. सिद्धांताच्या अगदी उलट वागणारा गटच नेमका जगला आणि वाढला! फेस्टिंगरच्या पहिल्या अध्यायात याचा विचार नाही.

एकच गोष्ट, पंधरावीस ओळींची, आणि दोन वर्षांच्या आत तिच्यातून उशीर, हाक आणि बंद दार असे तीन अर्थ निघाले. तेल मात्र कुणी फारसं धरलं नाही. धरलं असतं तर तारखेची गरजच पडली नसती, असं मला वाटतं. मी धर्मशास्त्राचा विद्यार्थी नाही, चूक असेल तर सांगा.

इथे मिलरवाल्यांची थोडी बाजूही घ्यायला हवी. ते पांढरे झगे घालून टेकड्यांवर आणि छपरांवर जाऊन बसले होते ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल. १९४४ मध्ये फ्रान्सिस निकोल याने जुने कागद उकरून या झग्यांना काहीच आधार नसल्याचं दाखवलं. निकोल स्वतः अ‍ॅडव्हेंटिस्ट होता, तेव्हा त्याचा कल उघड आहे, पण पुरावा मागितला की झग्यांवाल्यांकडे ऐकीव गोष्टींपलीकडे काही निघत नाही. उलट काहींनी पीक शेतातच सोडलं होतं हे खरं. न्यू हॅम्पशायरच्या एका शेतकऱ्याची गोष्ट त्यांच्या परंपरेत सांगतात : त्याने बटाटे काढले नाहीत, त्या वर्षी बटाट्यांवर रोग पडला, आधी काढलेले सडले आणि याचे जमिनीत वाचले, चांगल्या भावाने गेले. ही गोष्ट तुमच्या सांख्यिकीच्या सरांना सांगून बघा.

काम सोडण्याचा प्रश्न तर मिलरच्या आधी अठराशे वर्षांपूर्वीचा. पौलाची थेस्सलनीकाकरांस लिहिलेली दोन पत्रं वाचा. पहिल्यात तो सांगतो की प्रभूचा दिवस रात्रीच्या चोरासारखा येईल. दुसऱ्यात रिकामं बसून दुसऱ्यांच्या जिवावर खाणाऱ्यांना तो फैलावर घेतो. ते नेमके कशामुळे रिकामे बसले होते यावर अभ्यासकांत वाद आहे, पण शिकवणीच्या बाजूने पाहिलं तर उत्तर स्पष्ट आहे : तयारी म्हणजे आपलं रोजचं काम नीट करणं. आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर 'कुठे आहे त्याचं येणं?' असं विचारून टिंगल करणारे आधीच हजर आहेत. म्हणजे उशिराचा प्रश्न आपण किंवा फेस्टिंगरने शोधून काढलेला नाही; पहिल्या काही पिढ्यांतच तो विचारला गेला होता आणि त्याला उत्तरही दिलं गेलं होतं. ते पटतं की नाही हा वेगळा भाग.

आता पुन्हा १९५४ कडे, थोडक्यात. पुस्तकाच्या शेवटी पद्धतीवर एक परिशिष्ट आहे. लोक ते वाचत नाहीत. त्यात लेखक प्रामाणिकपणे कबूल करतात की गटात शिरण्यासाठी त्यांच्या माणसांनी गोष्टी रचल्या. एका निरीक्षक मुलीने स्वप्न पडल्याचं सांगितलं : सगळीकडे पाण्याचा लोंढा, आणि टेकडीवरच्या तेजस्वी माणसाने मला वर ओढून घेतलं. एका निरीक्षकाने मेक्सिकोत भेटलेल्या एका गूढ म्हातारीची गोष्ट सांगितली. गटाने दोन्ही गोष्टी पुरावा म्हणून स्वीकारल्या! आणि २१ डिसेंबरच्या पहाटे त्या घरात जमलेल्यांतही निरीक्षक होतेच. पाचवी अट आठवा, सोबतीची माणसं. जी मंडळी सुट्टीमुळे आपापल्या घरी एकटी होती त्यांची श्रद्धा बहुतेक ढासळली, हे पुस्तकच सांगतं. मग त्या घरातली सोबत किती खरी होती आणि किती संशोधकांनी पुरवलेली? थर्मामीटरच गरम असेल तर पाण्याचं तापमान काय सांगणार? २०२५ मध्ये थॉमस केली यांनी फेस्टिंगरचे जपून ठेवलेले कागद तपासून याहून कडक टीका केली आहे. ती जरूर वाचा, पण परिशिष्ट वाचल्यावर. एवढं तर १९५६ च्या पुस्तकातूनच दिसत होतं.

एक कबुली देऊन टाकतो. मला पुस्तक आवडलं. ओघवतं आहे, माणसांची थट्टा करत नाही, ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी घरासमोर उभं राहून यानाची वाट बघत नाताळची गाणी म्हणणाऱ्या त्या लोकांचं वर्णन वाचताना वाईट वाटतं. 

आणि वाईट वाटण्याचं आणखी एक कारण होतं. त्याच काळात माझ्या टेबलावर अकरा व्हायल्स होत्या. सिंगल क्रिस्टल येतील म्हणून मी सात महिने थांबलो होतो. दर सोमवारी झाकण न हलवता बघायचं आणि गाईडना सांगायचं, 'सर, पुढच्या आठवड्यात'. सॉल्व्हंट बदलला, मग फ्रीजमध्ये ठेवल्या, मग म्हटलं पावसाळ्यामुळे दमट आहे. प्रत्येक वेळी तारीख माझीच, आणि प्रत्येक वेळी कारणही माझंच. या सात महिन्यांत मी दुसऱ्या कंपाउंडचं एकही काम पुढे नेलं नाही, कारण 'आता क्रिस्टल येतीलच'. बटाटे शेतात सोडण्यापेक्षा हे फार वेगळं होतं असं मला म्हणता येत नाही.

लॅबमेटला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती हसली. मग मी विचारलं, की आजी तयार राहायची म्हणजे नक्की काय करायची? ती म्हणाली, "काही नाही रे. कुणाचे उसने पैसे रात्री घरात ठेवायची नाही. आणि कुणाशी भांडण झालं असलं तर झोपायच्या आधी जाऊन बोलून यायची. एकदा पावसात गेली होती."

सेमिनारची फाईल अजून माझ्याकडे आहे. तिसरी स्लाईड काढून टाकली आहे, तिच्या जागी पाच अटी टाकल्यात. ज्युनिअर्सपैकी कुणाला हवी असेल तर मागा, देईन. अकरापैकी आठ व्हायल्स धुऊन टाकल्या. तीन ठेवल्यात.